पटाशीचे दात

गणेश चवथीला पाच दिवस राहिले होते आणि खळ्यातून मांगराकडे, म्हणजे घरामागच्या सामानाच्या खोपटाकडे, जाणारी वाट कमरेएवढ्या गवतात बुडून गेली होती. दर वर्षीचंच आहे हे. पावसाने तीन महिने गवत वाढवायचं आणि डोंबिवलीहून येऊन मी ते दोन दिवसांत कापायचं. पूर्वी कोयते घेऊन दोन गडी यायचे, काकी त्यांना घावणे नि चहा द्यायची, दुपारपर्यंत वाट मोकळी. आता गडी मिळत नाहीत, आणि मिळालेच तर चवथीच्या आठवड्यात त्यांच्या यादीत आपल्याआधी दहा घरं असतात. म्हणून चार वर्षांमागे टू स्ट्रोकचा ग्रास कटर घेतला. वर्षातून आठ-दहा दिवस चालतो, उरलेलं वर्षभर मांगरात काजूच्या पोत्यांशेजारी भिंतीला टेकून उभा असतो.

पहिली दोरी ओढली तेव्हाच हाताला कळलं की काहीतरी चुकतंय. चांगल्या मशीनची दोरी आधी थोडी अडते, मग पिस्टन वरचा टप्पा ओलांडतो आणि दोरी सुटी होऊन हातात येते. तो हिसका एकदा मनगटात बसला की विसरत नाही. या वेळी दोरी सुरुवातीपासूनच जड होती आणि आतून आवाज आला खसखस, गवताच्या उडवीत हात घातल्यासारखा. मी पुन्हा ओढली. दोरीबरोबर जाळीतून नारळाच्या सोडणाचे दोन-तीन तंतू बाहेर आले.

काकी पडवीतून बघत होती. म्हणाली, "उंदरान खाल्ल्यान आसतला."

खाल्लं नव्हतं, घर बांधलं होतं. खाल्लं होतं ते वेगळं, ते नंतर कळलं.

दोरीच्या बाजूचं झाकण चार स्क्रूंवर बसतं. ते काढलं आणि आत मशीन दिसेचना. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या भोवती, त्याच्या पंख्याच्या पात्यांमध्ये, थेट सिलेंडरच्या अंगावरच्या पातळ धातूच्या कपच्यांपर्यंत एक गोल, दाबून बसवलेली गादी. वरचा थर सोडणाच्या काथ्याचा, खाली खताच्या गोणीच्या पांढऱ्या पट्ट्या, त्याखाली कापूस, जो माझ्या जुन्या उशीचा होता हे मला लगेच ओळखू आलं, आणि मधोमध कागदाचा मऊ भुगा. त्यातले काही तुकडे अजून वाचता येत होते. कालनिर्णयचे होते. एकावर "संकष्टी" आणि अर्धा "चंद्रो" शिल्लक होता, उरलेला चंद्रोदय दातांनी गेलेला. जुनी कालनिर्णयं काकी सुपारी गुंडाळायला मांगरात टाकते, ती नवं लागल्यावर, म्हणजे जानेवारीत. हे पान गेल्या वर्षीचं. म्हणजे मी मागच्या चवथीनंतर मशीन ठेवून गेलो आणि जानेवारीनंतर केव्हातरी इथे बाळंतपण झालं. पिल्लं नव्हती. पिल्लं असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न तिथे उकिडवं बसल्या बसल्या मनात आला, आणि ती नाहीत यात मला फारच हायसं वाटलं.

त्या उंदरिणीची जागेची निवड वाखाणण्यासारखी होती, हे मान्य करायला हवं. ग्रास कटरच्या इंजिनाला पाणी नसतं, रेडिएटर नसतो. फ्लायव्हीललाच पाती असतात, ती जाळीतून हवा ओढतात आणि सिलेंडरच्या कपच्यांवरून फुंकतात. एवढाच त्याचा गारवा. जी जाळी हवेसाठी ठेवलेली, तिच्या कडेच्या फटीतून लहान उंदीर सहज आत जातो. आत अंधार, चारी बाजूंनी भिंत, मांजराचा पंजा पोचत नाही. अशा गादीसकट इंजिन सुरू झालं असतं, तर दहा-पंधरा मिनिटांत तापून पिस्टन सिलेंडरला धरला असता. आमच्या वाडीत एकाचं तसंच झालं. त्याची गादी कपच्यांच्या मागच्या बाजूला होती, दोरी हलकी लागत होती, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं म्हणून तो खूश होता.

गादी मी हाताने काढणार तेवढ्यात काकी ओरडली. बरोबर ओरडली. सिंधुदुर्गात लेप्टो हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. हा ताप उंदराच्या लघवीतून येतो, हातापायावरच्या जखमेतून अंगात शिरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईलाही तो कळला, पण आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका गोळ्या घेऊन घरोघर फिरते ती यासाठीच. माझ्या दोन बोटांना आदल्या दिवशी कोयत्याने खरचटलेलं होतं. मग रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून गादी ओली करून घेतली. सुकी झटकली की धूळ नाकात जाते. काढलेलं सगळं फणसाखाली नेऊन जाळलं. कपच्यांवर पांढरट डाग पडले होते, अल्युमिनियमला लघवीने आणलेले. ते ब्रशने घासले, गेले नाहीत.

झाकण बसवलं, दोरी ओढली. आता हिसका बरोबर होता. मशीन सुरू मात्र होईना.

उंदराच्या पुढच्या दातांना आपण पटाशीचे दात म्हणतो. आपल्याही तोंडात असतात, पण हे नाव खरं शोभतं ते उंदराला. त्याचे ते दात मरेपर्यंत वाढत राहतात. पुढच्या बाजूला कठीण कवच, मागची बाजू त्याहून मऊ. त्यामुळे कुरतडताना मागचं आधी झिजतं आणि पुढची धार आपोआप लागत राहते. सुताराला पटाशी दगडावर घासावी लागते, उंदराचा दगड म्हणजे समोर येईल ते. लाकूड, साबण, काजूची बी, रबर, वायर. न कुरतडून त्याला चालतच नाही. त्याने माझ्या मशीनचं वाईट चिंतलं नव्हतं हे मला पटतं. तरीही त्या क्षणी तो समोर असता तर मी एवढ्या समजुतीने बोललो नसतो.

पेट्रोलचा पाइप तर दिसतच होता. टाकीतून कार्ब्युरेटरकडे जाणारी पिवळी नळी दोन ठिकाणी दातांनी उघडी. ती बदलावी लागणार, ठीक. पण आधी ठिणगी बघू म्हणून प्लग काढला. कोरडा, तपकिरी, निरोगी. टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग सिलेंडरला टेकवला, पेट्रोलचा डबा लांब नेऊन ठेवला, दोरी ओढली. काही नाही. दहा वेळा ओढली. काही नाही.

इथे मी अर्धा तास घालवला तो निव्वळ अडाणीपणाने. बंद करायच्या बटणाकडे जाणारी एक बारीक वायर असते. बटण बंदवर केलं की ती वायर बॉडीला जोडली जाते, ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या कॉइलचा करंट तिथून जमिनीला जातो आणि मशीन थांबतं. उंदराने त्या वायरचं आवरण बोटभर सोललं होतं आणि उघडी तार दांड्याच्या पत्र्याला टेकून बसली होती. म्हणजे बटण चालूवर असो की बंदवर, मशीनच्या लेखी ते बंदच. ती वायर कॉइलपाशी सोडवली आणि पुन्हा दोरी ओढली. आता बारीक "टक्" असा आवाज आला. प्लगवर मात्र ठिणगी नाही.

एव्हाना तिन्हीसांज झाली होती. काकी तुळशीकडे दिवा घेऊन गेली. मांगरात काळोख आणि मी हट्टाने आणखी एकदा दोरी ओढली. तेव्हा ती दिसली. प्लगपाशी नाही, त्याच्या टोपीपासून दोन बोटं अलीकडे. जाड काळ्या वायरवर एक दाताची खाच होती आणि त्या खाचेतून सिलेंडरच्या कपचीवर टाचणीएवढी निळी ठिणगी उडी मारत होती. ओढली की टक्, निळी. ओढली की टक्, निळी. दिवसा मी हे जन्मात पकडलं नसतं. त्या वायरमधून दहा हजार व्होल्टच्या वर जातात, त्यांना प्लगपर्यंतचा लांबचा रस्ता धरायची गरज काय, उंदराने मधेच फाटक उघडून दिलं होतं. मी त्यावर काळी टेप गुंडाळली. टक्, टेपमधून.

दुसऱ्या दिवशी कुडाळ. मेस्त्रीच्या दुकानात बाकाखाली, बाकावर आणि दुकानाबाहेरच्या पत्र्याखाली ग्रास कटरच ग्रास कटर. चवथीच्या आधीचा आठवडा म्हणजे त्याची दिवाळी. त्याने आलेल्या मशीन्स ओळीने लावल्या होत्या आणि एकेकाकडे बोट दाखवत मला सांगितलं, "ह्यो उंदराचो, ह्यो उंदराचो, ह्यो मुंग्यांचो, ह्यो मालकाचो." मालकाचा म्हणजे ज्यात मालकाने ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल घातलं होतं. एक लिटरला ४० मिली ऑइल, एवढं साधं प्रमाण, पण घाईत विसरतं आणि मग पिस्टनला ओरखडे. "उंदराचा काम सुधारता येता," मेस्त्री म्हणाला, "मालकाचा नाय."

त्याला जनावरांचे किस्से विचारावे लागत नाहीत. विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये पाल चिरडते, तिच्यामुळे एका फेजचा पॉइंट टेकत नाही आणि तीन फेजची मोटर दोनावर घुरघुरत जळते, हे त्याच्याकडे महिन्याला ठरलेलं. फवारणीच्या पंपाच्या नळीत गोगलगाय. पॉवर टिलरच्या सीटखाली कोंबडी खुडूक बसली आणि मालकिणीने एकवीस दिवस टिलर हलवू दिला नाही. तिलारी खोऱ्यात तर हत्ती. "तेच्यापुढे तुझो उंदीर म्हणजे पावणो," तो म्हणाला. हत्तीने तुडवलेला पंप दुरुस्तीला येत नाही, भंगारात जातो.

बोलता बोलता त्याचे हात चालू होते. जाड वायर खाचेच्या अलीकडे पक्कडीने कापून टाकली, प्लगची टोपी काढली, टोपीतली स्प्रिंग वायरच्या गाभ्यात टोचून पुन्हा बसवली. वायर दोन बोटं आखूड झाली, पण पुरली. खाच कॉइलच्या मुळाशी असती तर अख्खी कॉइल बदलावी लागली असती, कारण या मशीन्सना वायर कॉइलमध्येच ओतलेली असते. मी मांगरात कॉइलचे स्क्रू ढिले करून ठेवले होते, त्यावर त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग खिशातून कुठल्याशा पतपेढीच्या माणसाचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, ते कॉइल आणि फ्लायव्हीलच्या मध्ये धरलं, लोहचुंबकाने कॉइल कार्डावर खेचली गेली, स्क्रू आवळले, कार्ड ओढून काढलं आणि परत खिशात. साधारण ०.३ मिलिमीटरची फट लागते तिथे. कार्डाचे कोपरे ग्रीसने काळे झाले होते. त्या पतपेढीवाल्याला कल्पनाही नसेल की तो किती इंजिनं चालवतोय.

पाइप घालणं मात्र बघण्यासारखं होतं. टाकीचं भोक पाइपाहून किंचित लहान असतं, म्हणजे घट्ट बसावं. मी घरी पाइप आणून ठेवला असता तर त्या भोकाशी अर्धा दिवस झुंजलो असतो. त्याने नव्या पाइपाचं टोक बोरूसारखं तिरकं, लांबट कापलं, टोकाला ऑइलचा थेंब लावला, ती अणी भोकात घातली, टाकीच्या तोंडातून नाकाची पक्कड आत घालून टोक पकडलं आणि एका ओढीत पाइप आत. मग तिरकं टोक कापून फिल्टर चढवला आणि तो टाकीत सोडून दिला. जुना पाइप माझ्या हातात ठेवत म्हणाला, वाकव बघू. वाकवला, तर चिरला. उंदराने खाल्लेल्या जागी नाही, न खाल्लेल्या जागी.

"ह्या उंदराचा नाय. ह्या पेट्रोलचा."

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा पितं, आणि आमच्या हवेत प्यायला कमी नाही. मशीन रोज चालत असेल तर फरक पडत नाही, टाकी भरते, रिकामी होते. अकरा महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवून गेलं की जुन्या धाटणीचं रबर कडक होतं आणि कार्ब्युरेटरच्या पातळ पडद्याची पापडी होते. टाकी रिकामी न करता कोण गेलं होतं, हे त्याने विचारलं नाही. फक्त पडदा बदलला आणि पैसे सांगताना तोही धरला.

निघताना मी विचारलं, उंदीर येऊ नये म्हणून काय करू? लोक काय काय सांगतात. डांबरगोळ्या ठेव, वायरींना तिखट फास, तंबाखूची पानं घाल. तो हसला. "मशीन चालूचा बंद झाला म्हणान उंदीर इलो. उंदीर इलो म्हणान मशीन बंद झाला नाय. तू आता मुंबैक जातलस, उंदीर हयसरच रवतलो."

परतीच्या एसटीत मशीन दोन सीटच्या मध्ये उभं करून मी ते वाक्य उलटसुलट करत होतो. मांगर कुणाचा, हा प्रश्न सातबाऱ्यावर सोपा आहे. माझं नाव आहे, दोन चुलत भावांची आहेत. वर्षातले साडेतीनशे दिवस तिथे राहतं कोण, बाळंतपणं कुणाची होतात, रात्री कुठल्या फटीतून वारा येतो हे कुणाला ठाऊक आहे, असं विचारलं तर आमचं काही चालणार नाही. काकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मांगर आता तेचोच समज." ती हे चेष्टेत म्हणाली की कसं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. घरात ती एकटी असते. तिन्हीसांजेनंतर मांगरात ती पाऊल टाकत नाही.

संध्याकाळी मशीन सुरू झालं. चौथ्या दोरीला. मी एवढा खूश झालो की काकीला हाक मारली. ती पडवीत आली, मी गॅस दिला, आणि मशीन गळा दाबल्यासारखं गुदमरून बंद पडलं. पुन्हा सुरू, हळू चाललं, गॅस दिला, बंद. काकी आत गेली.

चोक उघडला होता. पेट्रोल येत होतं. एअर फिल्टर स्वच्छ. शेवटी चालू मशीनच्या सायलेन्सरपाशी तळहात नेला, लांबूनच. धूर नाही, झोत नाही. विजेरी मारली तर सायलेन्सरच्या तोंडात लालसर मातीचं बूच, वरून अंगठ्याने सारवावं तसं गुळगुळीत.

कुंभारीण माशी. भिंतीवर मडकी करणारी वेगळी आणि अशी तयार भोकं मातीने बुजवणारी वेगळी, पण आम्ही दोघींनाही कुंभारीणच म्हणतो. काकीचं म्हणणं, कुंभारणीचं घर मोडू नये, ती आली की घरात पाळणा हलतो. मी म्हटलं, पाळणा हलून झाला, उंदरिणीचा.

सायलेन्सर काढायच्या आधी फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन अशा जागी आणला की त्याने धूर जाण्याचं दार झाकलं जावं. टू स्ट्रोकला ते दार सिलेंडरच्या भिंतीतच असतं. खरवडताना मातीचा एक कण आत गेला तरी ओरखडा. सायलेन्सर कागदावर आपटला. माती पडली आणि तिच्याबरोबर वीसेक कोळी. हिरवट, करडे, पाय जवळ घेतलेले, वाळून हलके झालेले. कुंभारीण कोळ्यांना नांगीने लुळं करून आणते, मारत नाही, म्हणजे ते ताजे राहतात. त्यांच्यावर अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. अळी बाहेर आली की शिधा तयार. आपल्या संतांनी हेच बघून दृष्टांत दिला की भृंगी कीटकाला कोंडते, त्याला तिचा ध्यास लागतो आणि ध्यासाने कीटकच भृंगी होऊन बाहेर पडतो. गुरुशिष्यासाठी कीर्तनात हजार वेळा ऐकलंय. दृष्टांत सुंदर आहे. आत कोळ्यांचं काय झालं ते कागदावर पडलेलं होतं.

एका कप्प्यातली अळी मात्र कोष करून बसलेली होती, तांबूस, करंगळीच्या नखाएवढी. तो कोष मी गडग्याच्या दगडांत, पाऊस लागणार नाही अशा फटीत ठेवला. त्यातून काही निघालं का, माहीत नाही.

वाट दुसऱ्या दिवशी सकाळी कापली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, दीड तास लागला. गणपती आले. पाटावर मूर्तीच्या पायाशी मातीचा उंदीर, हातात लाडू, डोळे शाडूचे पण चलाख. मी मांगरात चिकट बोर्ड लावायचं काढलं तेव्हा काकी म्हणाली, "चवथीत ता काय करूचा नाय हां. मगे बघूया." गणपती गेले आणि मीही दुसऱ्या दिवशी निघालो, त्यामुळे बोर्ड तसाच कपाटावर राहिला.

निघताना मात्र या वेळी नीट केलं. टाकी उपडी केली, मग मशीन सुरू करून पाइपातलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं. प्लगच्या भोकातून ऑइलचे चार थेंब, दोरी दोनदा हळू. सायलेन्सरच्या तोंडात फडकं, त्याला लाल चिंधी बांधली, विसरू नये म्हणून. आणि नारळाच्या खोडाला उंदीर चढू नये म्हणून पत्रा गुंडाळतात, त्यावरून सुचलं, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं ताटाएवढं गोल कापलं, मधे भोक पाडलं, बाइंडिंगची तार त्यातून ओवली आणि मशीन वाशाला अधांतरी टांगलं. भिंतीपासून हातभर, जमिनीपासून पुरुषभर. वरून तारेवरून उतरायचं तर पत्र्यावरून घसरणार. काकीने खालून बघितलं आणि म्हणाली, दुधाचं शिंकं झालं.

मे महिन्यात गेलो. आंब्याची धांदल होती, तरी बॅग ठेवून आधी मांगरात गेलो. मशीन टांगलं तसंच होतं, किंचित हलत. पत्र्यावर लेंड्या होत्या, म्हणजे प्रयत्न झाला होता. खाली उतरवलं, झाकण काढलं. आत स्वच्छ. कपच्यांवर जुने पांढरे डाग, एक कोळीष्टक, बाकी काही नाही. पेट्रोल मिसळलं, घातलं, चिंधी काढली, तिसऱ्या दोरीला सुरू. गॅस दिला, भरून आवाज आला. काकी पडवीत आली.

मग खांद्याला लावायचा पट्टा घ्यायला वळलो. तो मी पिशवीत घालून खाली, काजूच्या पोत्यावर ठेवला होता.